तक्रारीचा पत्ता

माझ्या पहिल्या नकाशावर पुण्यातली आमची सगळी सेंटर्स समुद्रात बुडाली होती. समुद्र अरबी नव्हता. नॉर्वेच्याही उत्तरेला बेअर आयलंड नावाचं एक जवळपास निर्मनुष्य बेट आहे, त्याच्या आसपासचा. कोल्हापूरचं सेंटर त्याच पाण्यात, जरा पश्चिमेला. नागपूरचं तर आणखी वर, स्वालबार्डच्या बर्फात. कारण अगदी किरकोळ होतं. अक्षांशाच्या रकान्यात रेखांश पडला होता आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश. पुणे साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व, उलटं वाचलं की थेट ध्रुवाच्या वाटेवर. ज्या दोन-चार सेंटर्सचे आकडेच भरलेले नव्हते, ती आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन बसली, कारण रिकाम्या घरात शून्य धरलं गेलं आणि विषुववृत्ताचा शून्य व ग्रिनिचचा शून्य तिथे भेटतात. ऑफिसातल्या आमच्या सरांनी चष्मा पुसला, पडद्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चला, सॅम्पल्स तरी थंड राहतील."

ती चूक मला अजूनही आवडते. नागपूरचं सेंटर बर्फात दिसलं की शिपायालाही कळतं, काहीतरी बिनसलंय. पुढे ज्या चुकांनी माणसांना त्रास झाला, त्या सगळ्या नकाशावर शहाण्यासारख्या योग्य तालुक्यात, योग्य गावात बसलेल्या होत्या.

पॅथॉलॉजी लॅबच्या एका साखळीत मी चौदा वर्षं काढली. २०११ साली संख्याशास्त्राची पदवी घेऊन साताऱ्याहून पुण्याला आले तेव्हा लॅबची तीसेक कलेक्शन सेंटर्स होती. सोडलं तेव्हा एकशे चाळीसच्या आसपास. कलेक्शन सेंटर म्हणजे जिथे रक्त-लघवी घेतात, नळीवर बारकोड चिकटवतात आणि थंड डब्यातून मोठ्या लॅबकडे रवाना करतात ती जागा. एक गाळा, एक काउंटर, एक पडदा, चार-सहा खुर्च्या. माझं काम सांगायला सोपं होतं. एका फाइलमध्ये सेंटर कुठे आहे ते, दुसऱ्या फाइलमध्ये पेशंट काय म्हणाला ते. दोन्ही जोडायच्या आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवायच्या. सुरुवातीला एक्सेल आणि त्यातला व्हीलूकअप, २०१६ पासून पॉवर बीआय नावाचं सॉफ्टवेअर. आईला मी सांगायचे, "तक्रारींचा हिशेब ठेवते." तिला ते लगेच पटलं. तिच्या मते हे काम मी लहानपणापासूनच करत होते.

पहिली दोन वर्षं नुसत्या पत्त्यांत गेली. सेंटर्सची मूळ यादी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. माझ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हांची खिचडी. सगळी पुन्हा टाइप करताना लक्षात आलं की आपल्याकडचा पत्ता विचारत विचारत जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो. "मारुतीच्या देवळासमोर, जुन्या गिरणीशेजारी." गिरणी पडून वीस वर्षं झालेली असतात, पण गावात कुणालाही विचारा, तो बरोब्बर पोहोचवतो. संगणक कुणाला विचारत नाही. पुण्याच्या अवतीभवतीच वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ. पेशंट फॉर्मवर लिहितो "वडगाव", कारण त्याच्या लेखी वडगाव एकच. मावळातल्या वडगावच्या सहा महिन्यांच्या तक्रारी मी शेरीच्या खात्यावर टाकल्या होत्या, आणि शेरीचा बिचारा इन्चार्ज प्रत्येक तक्रारीला मन लावून खुलासा लिहीत होता.

तेव्हा पिनकोडचा मोठा आधार वाटला. पिनकोड तसा आपल्याच माणसाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी. त्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा आकडे, संपला गोंधळ, असं मला वाटलं. पण पिनकोड पोस्टमनची पिशवी कुठून निघते ते सांगतो. माणूस रक्त तपासायला कुठे जातो हे त्याला ठाऊक नसतं. खेड्यांकडे एकाच पिनकोडात कितीतरी गावं असतात, आणि शहरात रस्त्याच्या या बाजूला एक पिनकोड, त्या बाजूला दुसरा. शेवटी प्रत्येक सेंटरला आम्ही आमचा एक कोड दिला. तिथेही मी एकदा फसले. दुसऱ्या मजल्यावरचं एक सेंटर तळमजल्यावरच्या नव्या गाळ्यात हलवलं आणि मी जुनाच कोड चालू ठेवला. मग वर्षभर "जिना चढवत नाही" या जुन्या तक्रारी तळमजल्याची सरासरी खाली ओढत राहिल्या. तेव्हापासून जागा बदलली की कोड बदलायचा आणि शेजारी तारीख लिहायची, असा नियम झाला. गावांची नावं बदलली तेव्हा हाच पाठ पुन्हा गिरवला. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि माझ्या रिपोर्टमध्ये काही महिने एकाच शहराच्या तीन ओळी दिसत होत्या: जुनं नाव, नवं पूर्ण नाव, आणि लोक लिहितात ते नुसतं "संभाजीनगर". तिथला फोन कुणी उचलत नाही ही खरी तक्रार तीन ठिकाणी वाटली गेली आणि कुठल्याच ओळीत नजरेत भरण्याइतकी मोठी झाली नाही.

शब्दांनीही पत्त्यांइतकंच फसवलं. २०१३ साली आमच्याकडे कागदी फॉर्म होता: "१ ते ५ गुण द्या." कोल्हापूरकडच्या एका सेंटरचे फॉर्म आले आणि सगळीकडे एक. सेवा एक, स्वच्छता एक, कर्मचारी एक. मीटिंग तापली. मी दहा-बारा पेशंटना फोन लावले. एक आजोबा माझ्यावरच उखडले, "अहो, एक नंबर दिलाय की! पाच नंबर कुणाला देत्यात व्हय?" शाळेत पहिला नंबर काढलेल्या पोराला पाचवा म्हणणारी मी शहाणी. पुढच्या महिन्यात आकडे काढून चेहरे छापले, हसरा ते रडका.

नंतर एका बाहेरच्या कंपनीकडून मजकूर वाचून आपोआप बरा-वाईट ठरवणारं सॉफ्टवेअर घेतलं. कोल्हापूरहून कुणी लिहिलं, "विषय हार्ड". सॉफ्टवेअरने ती तक्रार धरली, तीही गंभीर. "नाद खुळा" त्याच्या डोक्यावरून गेलं. आणि पुण्यातल्या एका पेठेतून आलं: "अतिशय उत्तम सेवा. दीड तास बसवून ठेवल्यामुळे आजचे वर्तमानपत्र शब्दकोड्यासह पूर्ण झाले." याला सॉफ्टवेअरने जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणजे कोल्हापूरचं कौतुक तक्रारीत जमा आणि पुण्याचा टोमणा कौतुकात. तोवर मी समजत होते की ठिकाणाचा रकाना नकाशावर टिंब टाकण्यापुरता असतो. आता कळलं की माणूस काय म्हणतोय हे वाचायलाही तो कुठला आहे हे माहीत हवं. मी प्रत्येक विभागातल्या एकेका माणसाला बसवून शब्दांची यादी करून घेतली. वऱ्हाडी यादी सगळ्यात मोठी झाली आणि ती करताना आम्ही सगळ्यात जास्त हसलो.

आता टायरच्या दुकानाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसले आहे.

२०१८ साल. पुणे–बंगळूर महामार्गावरच्या एका गावात आमचं सेंटर होतं. महामार्गाने गावाचे दोन तुकडे केलेले, आणि इकडून तिकडे जायला एकच अंडरपास, तोही किलोमीटरभर पुढे. सेंटर उघडून काही महिने झाले आणि माझ्या नकाशावर ते लाल दिसायला लागलं. पाचपैकी २.९. तिथली इन्चार्ज पस्तिशीतली बाई, लॅब तंत्रज्ञानाची पदविका (डीएमएलटी) घेतलेली, बारा वर्षं सुई हातात धरलेली. लहान मुलांची शीर एका फटक्यात सापडते म्हणून तिचं नाव होतं. मीटिंगमध्ये विभागाच्या मॅनेजरने माझी स्लाइड समोर ठेवून तिला जाब विचारला. ती म्हणाली, "सर, लोक आत येतात तेच चिडून येतात." सगळे हसले. मीही हसले असेन. तीन महिने ते सेंटर लाल राहिलं. त्या तिमाहीचा तिचा इन्सेंटिव्ह कापला गेला आणि तिला पेशंटशी कसं बोलावं याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्या प्रशिक्षणाची शिफारस माझ्याच स्लाइडच्या तळाशी होती.

मी त्या गावी गेले ती काही तपासायला म्हणून नाही. एका शनिवारी घरी साताऱ्याला चालले होते, सहज वाटेत उतरले. पेशंटला जो एसएमएस जातो त्यातलीच लिंक फोनवर उघडली आणि तो नेईल तशी चालत गेले. तुम्ही पोहोचलात असं फोनने सांगितलं तेव्हा मी एका टायरच्या दुकानासमोर उभी होते. दुकानदार ट्यूबचं पंक्चर काढत होता. वर न बघताच त्याने हात महामार्गाच्या पलीकडे केला.

"रक्ताचं ना? पलीकडं हाय. फुडनं खालनं जावा."

"असे किती जण येतात?"

"रोज सकाळी पाच-सा जण. म्हातारं कुणी असलं तर बसवतो जरा. पाणी देतो म्हटलं तर पीत न्हाईत, उपाशी यायला सांगितलंय म्हणत्यात."

उपाशीपोटी तपासणीच्या आधी साधं पाणी चालतं. हे आमच्या एसएमएसमध्ये लिहिलेलं नव्हतं. तो रकाना माझा नव्हता, पण तेही मला टायरवाल्याकडून कळलं.

मी महामार्गाच्या कडेने, ट्रकांच्या धुरळ्यातून, अंडरपासपर्यंत आणि तिथून उलटी मागे चालत गेले. वीस मिनिटं लागली, आणि माझा नाश्ता झालेला होता. सेंटरमध्ये शिरले तेव्हा मीही चिडलेलीच होते. इन्चार्जने मला ओळखलं. आधी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग विचारलं, "मॅडम, टायरवाल्याकडनं आलात का?" तिने स्वतःच्या पैशाने एक पाटी रंगवून त्या दुकानाबाहेर लावली होती. वाऱ्याने उडाली. पुन्हा लावली, रस्त्याचं काम करणाऱ्यांनी काढली. दोनदा ईमेलही केला होता. तो कुणाला गेला हे मी शोधलं: ज्या पत्त्यावर गेला ती पेटी कुणीच उघडत नव्हतं.

पुण्याला आल्यावर मूळ फाइल काढली. आदल्या वर्षी नव्वदेक पत्ते मी एका दुपारी एकदम अक्षांश-रेखांशांत बदलून घेतले होते. पुण्यातले डोळ्यांनी तपासले, कारण ते मला ओळखीचे होते. बाकीचे "साधारण बरोबर दिसतात" म्हणून सोडले. "महामार्गालगत" या एका शब्दावर यंत्राने टिंब टाकलं ते रस्त्याच्या उलट्या बाजूला. अक्षांशाच्या चौथ्या दशांश स्थळाला साधारण ११ मीटरचा फरक पडतो, तिसऱ्याला ११० मीटरचा. नकाशावर माझी चूक नखाएवढीही दिसत नव्हती. नंतर तीच फाइल मार्केटिंगवाल्यांनी माझ्याकडून नेली आणि तिच्यावरून लोकांच्या फोनमधल्या नकाशावर आमचं ठिकाण नोंदवलं, एसएमएसची लिंकही त्यावरूनच बनली. म्हणजे पेशंटला चुकीच्या जागी मी पाठवत होते, त्याचा राग मी मोजत होते, त्या रागाला लाल रंग मी देत होते, आणि तो त्या बाईच्या पदरात टाकत होते. त्या तीन महिन्यांचे शेरे मग मी एकेक करून वाचले. "सापडत नाही", "फिरवलं", "भोवळ आली", "पत्ता नीट द्या". स्लाइडवर यातलं काही नव्हतं. स्लाइडवर फक्त २.९ होतं.

आमच्या घरी सातबाऱ्यावर एक चुकीचा बोजा चढला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी कर्जाचा; नावात साम्य होतं एवढंच. तो उतरवायला वडिलांनी किती वर्षं तलाठ्याकडे खेटे घातले ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. नोंद करणाऱ्याला एक ओळ लिहायची असते. तरी मी बारा वर्षं सुई धरलेल्या बाईच्या नावावर तसाच बोजा चढवला, आणि मला तो चढवताना कळलंसुद्धा नाही, कारण माझ्या भाषेत त्याला "दोन टेबलं जोडणं" म्हणतात. जोडणी करताना तुम्ही ठरवत असता की हा राग कुणाचा. हे संख्याशास्त्राच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं.

टिंब हलवायला अर्धं मिनिट लागलं. लोकांच्या फोनवर ते बदलायला आठवडा गेला. तीन-चार महिन्यांत सेंटर हिरवं झालं. कापलेला इन्सेंटिव्ह तिला परत मिळाला नाही; त्या तिमाहीचा हिशेब बंद झाला होता, असं अकाउंट्सने कळवलं. मी सरांकडे दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या मॅडम. आता लोक येताना तरी बरे येतात." त्यानंतर फाइलमध्ये दोन रकाने वाढले: ठिकाण कुणी तपासलं आणि कधी. नवं सेंटर उघडलं की तिथल्या माणसाने दारात उभं राहून फोटो आणि ठिकाण पाठवायचं, त्याशिवाय मी ते नकाशावर घेत नसे.

या जोडणीने भलंही होतं, नाहीतर चौदा वर्षं कशाला राहिले असते? मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर आमचं सेंटर होतं. तिथली कायमची तक्रार: बसायला जागा नाही. पुण्यात तिप्पट पेशंट असलेल्या सेंटरमध्येही तेवढ्याच खुर्च्या होत्या आणि तिथे असं कुणी म्हणत नव्हतं. मॅनेजरचं मत पडलं की तिकडच्या लोकांना सवय आहे कुरकुर करायची. टायरच्या दुकानानंतर असल्या मतांवर माझा विश्वास उरला नव्हता. मी पहिल्यांदाच सेंटरच्या ठिकाणाबरोबर पेशंटचं ठिकाणही जोडलं, पिनकोडापुरतं. पुण्यातला पेशंट दोन-तीन किलोमीटरवरचा. इथला तीस-चाळीस किलोमीटरवरून सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला. आता ज्याला मधुमेहाची तपासणी करायची आहे त्याचं रक्त दोनदा घेतात: एकदा उपाशीपोटी आणि मग जेवल्यावर दोन तासांनी, ज्याला आम्ही पीपी म्हणतो. पुण्यातला माणूस मधल्या वेळात घरी जाऊन येतो. हा कुठे जाणार? तो आमच्याच खुर्चीवर बसून राहतो. पेशंट कमी, पण प्रत्येकाचा मुक्काम मोठा.

मी विजयी मुद्रेने तिथल्या इन्चार्जला फोन केला, दहा खुर्च्या पाठवते म्हणाले. तो म्हणाला, "मॅडम, खुर्च्या पाठवा, पण आधी त्यांनी खायचं कुठं ते सांगा. दोन तास जेवल्यापासून मोजायचे ना? लोक चहा-बिस्किट खाऊन येतात आणि जेवलो म्हणून सांगतात." खुर्चीची तक्रार माझ्या नकाशाने उलगडली. तिच्या पोटात दडलेली चुकीच्या रिपोर्टची भीती मात्र त्यालाच दिसली. त्याने शेजारच्या खाणावळवाल्याशी बोलून सकाळी आठला पोळीभाजी सुरू करायला लावली. कंपनीने यात एक रुपयाही घातला नाही. खाणावळवाल्याचा धंदा झाला. माझ्या नकाशांमधून निघालेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं तर मी ती पोळीभाजी सांगते.

२०२० मध्ये तर सगळेच ठोकताळे कोसळले. घरी जाऊन स्वॅब घ्यायचा, रिपोर्टला उशीर, फोनवर शिव्या. आमची पद्धत अशी होती की घरच्या सॅम्पलची तक्रार जवळच्या सेंटरच्या खात्यावर जाते. मे-जूनमध्ये सगळा नकाशा लालेलाल. वास्तविक सेंटरवाल्यांच्या हातात काहीच नव्हतं. सॅम्पल मोठ्या लॅबमध्ये रांगेत पडलेलं असायचं. त्यातून फॉर्मवर लोक आधारवरचा पत्ता द्यायचे, म्हणून हिंजवडीत खोली घेऊन राहणारा मुलगा माझ्या नकाशावर यवतमाळात दिसायचा. तेव्हा, उशिरा का होईना, एका ठिकाणाचे तीन रकाने केले: माणूस राहतो कुठे, सॅम्पल घेतलं कुठे, तपासलं कुठे. तक्रार वाचून ती तिघांपैकी कुणाची हे माणसाने ठरवायचं. काम तिप्पट झालं. पण जून महिन्याचा नकाशा पुन्हा काढला तेव्हा लाल टिंब एकच उरलं, आणि ते मुख्य लॅबवर होतं, म्हणजे आम्ही बसायचो त्या इमारतीवर. मीटिंगमध्ये त्या स्लाइडवर फार चर्चा झाली नाही.

चांगल्या आकड्यांचीही भीती वाटायला लागते. २०१७ साली प्रत्येक सेंटरला टॅब दिले आणि रोज वीस फीडबॅक हवेत असं ठरवलं. एका सेंटरचे ४.९ आले, सलग चार महिने. सगळे फीडबॅक रात्री पावणेआठ ते आठ या वेळातले. सेंटर आठला बंद होतं. काउंटरवरच्या मुलीला मी खासगीत विचारलं. तिने काही लपवलं नाही. "मॅडम, रक्त दिल्यावर पेशंट एका हाताने दुसऱ्या हातावरचा कापूस दाबून धरतो. टॅब कुठल्या हाताने धरणार तो?" वीसचा नियम ठरवणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी एकानेही रक्त देताना कधी आपल्या हातांकडे पाहिलं नव्हतं. पुढे २०२२ साली ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक आलं, आयएस १९०००. ते वाचताना मला तो कापूसच आठवत होता. त्याच सुमारास तीन अभिप्रायांवर पाचपैकी पाच मिळवलेल्या सेंटरला आम्ही वार्षिक बक्षीस दिलं होतं आणि आठशे अभिप्रायांवर ४.२ टिकवलेल्याला काही नाही, हेही आता सांगून टाकते.

एक प्रसंग सांगायला जड जातो. घरी जाऊन घेतलेल्या सॅम्पल्सचा एक सुंदर नकाशा मी केला होता. प्रत्येक घर एक टिंब, टिंबावर बोट ठेवलं की तपासणीचं नाव आणि अभिप्राय. दहा-अकरा मॅनेजरांना दाखवूनही झाला होता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो जवळ ओढला, मोठा करत करत एका इमारतीवर आणला आणि शांतपणे म्हणाल्या, "ही बिल्डिंग मला माहीत आहे. या वयाची इथे एकच बाई राहते." टिंबावर जी तपासणी होती ती कुणी शेजाऱ्यांना सांगत फिरत नाही. मी काही बोलले नाही. नकाशा त्याच दुपारी पुसला. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला. मला धडा त्याच्या चार वर्षं आधी मिळाला. त्यानंतर दहापेक्षा कमी माणसांचा गट मी कधी दाखवला नाही, आणि घर व तपासणी एका पडद्यावर आणली नाही.

आणि हो, सर. दोन वर्षं ते माझ्या लाल-हिरव्या नकाशाकडे बघून मान डोलवत होते. एकदा जेवताना सहज म्हणाले की त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत, लहानपणापासून. "मग आजवर बोलला का नाहीत?" "तू एवढी मेहनत करून आणतेस." तेव्हापासून माझे नकाशे निळे आणि नारिंगी.

गेल्या वर्षी नोकरी सोडली. मध्यंतरी आईला घेऊन एका लॅबमध्ये गेले होते, आमच्या नव्हे. बाहेर पडेपर्यंत फोनवर एसएमएस हजर: तुमचा अनुभव कसा होता? आई म्हणाली, "दे पाच, पोरगी गुणी होती." मी पाच दिले आणि खाली लिहिलं: अमुक शाखा, सकाळी सव्वाआठ, रक्त घेणाऱ्या ताईंचं काम उत्तम, गेटवरची पाटी चुकीचा बाण दाखवते. पलीकडे बसलेल्या माझ्यासारख्या कुणाला तरी या चार गोष्टी लागतात. तुम्हीही तारे द्या, न द्या, तुमची मर्जी. पण रागावून एकच तारा देणार असाल तर शाखा, वेळ आणि नेमकं काय बिनसलं एवढं लिहा. आणि ज्या माणसाचं काही चुकलं नाही त्याचं तसं लिहा, नाहीतर ती तक्रार बहुतेक त्याच्याच नावावर चढते.